बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन आपोआप चालवायचाय? खान्देशासाठी नियम वेगळा लावा

बाथरूममध्ये आर्द्रता मोजणारा सेन्सर लावायचा, आकडा ६५ टक्क्यांच्या वर गेला की पंखा चालू, खाली आला की बंद. नवख्या माणसाला सगळीकडे हाच सल्ला मिळतो. आपल्याकडे, जळगाव-भुसावळ-धुळे पट्ट्यात, तो बारा महिने टिकत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली उतरते. अशा दिवसांत अंघोळ झाली तरी बाथरूमचा आकडा बऱ्याचदा ६५ ला पोहोचतच नाही, म्हणजे पंखा सुरूच होत नाही. ऑगस्टमध्ये नेमकं उलटं. झड लागली की अख्ख्या घरातलाच आकडा ८५ च्या आसपास रेंगाळतो आणि सकाळी सुरू झालेला पंखा रात्रीपर्यंत थांबत नाही.

म्हणून बाथरूमचा आकडा एकटा बघू नका. बाथरूम बाकीच्या घरापेक्षा किती जास्त ओलं आहे, ते बघा. त्यासाठी दोन सेन्सर लागतात, एक बाथरूममध्ये आणि एक घरात. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. वीज वाचवायची म्हणून हे करू नका. तीस वॅटचा पंखा रोज एक तास चालला तर महिन्याला ०.९ युनिट जळतं. वायफायचं स्मार्ट स्विच चोवीस तास जागं राहतं, ते स्वतःच अर्धा ते एक वॅट खातं, म्हणजे महिन्याला ०.३६ ते ०.७२ युनिट. खरा फायदा पावसाळ्यात आणि हिवाळ्यात दिसतो. छताच्या कोपऱ्यातली काळी बुरशी, टाइल्सच्या सांध्यातला कुबट वास, फुगलेला लाकडी दरवाजा, आरशाच्या कडेने सरकणारे काळे डाग, हे सगळं थांबतं. अंघोळ करून बाहेर आलेल्या माणसाला पंखा अजून वीस मिनिटं चालू ठेवायचं भान नसतं. ते भान आपल्याला यंत्राला द्यायचं आहे.

आधी हवेची वाट बघा

सेन्सर विकत घेण्याआधी एक उदबत्ती पेटवा. बाथरूमचं दार लावून घ्या, पंखा चालू करा आणि उदबत्ती दाराच्या खालच्या फटीपाशी धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. तो जागच्या जागी सरळ वर जात असेल तर पंख्याला हवाच मिळत नाहीये, मग त्याला कितीही हुशार स्विच लावा, उपयोग नाही. आपल्याकडचे पीव्हीसीचे दरवाजे उंबऱ्याला घट्ट टेकतात, तिथे ही अडचण हमखास येते. दाराखाली बोटभर फट हवी. नाहीतर दाराच्या खालच्या भागात जाळी बसवून घ्या.

दुसरी तपासणी खिडकीची. आपल्या बहुतेक बाथरूममध्ये वर पंखा आणि त्याच चौकटीत खाली तिरक्या काचेच्या पट्ट्या असतात. पट्ट्या उघड्या असतील तर पंखा तिथूनच हवा घेतो आणि तिथूनच बाहेर टाकतो. खोलीतली वाफ जिथल्या तिथे राहते. उदबत्ती पट्ट्यांपाशी धरून बघा, धूर सरळ वर पंख्यात जाताना दिसेल. पंखा चालू असताना पट्ट्या बंद हव्यात. हा एक बदल कुठल्याही सेन्सरपेक्षा जास्त काम करतो, असं माझं ठाम मत आहे.

पंख्याच्या आकाराची फार चिंता नको. पाच बाय आठ फुटांची, आठ फूट उंचीची बाथरूम म्हणजे ३२० घनफूट, सुमारे नऊ घनमीटर. तासाला आठ वेळा हवा बदलायची म्हटलं तर ताशी ७२ घनमीटर पुरतात. साध्या सहा इंची पंख्याच्या खोक्यावरचा आकडा सहसा याच्या बराच वर असतो. फ्लॅटमध्ये पंखा पाइपांच्या डक्टमध्ये उघडत असेल तर मागे आपोआप मिटणारी झडप असलेला पंखा घ्या, नाहीतर खालच्या घरातला वास तुमच्याकडे येईल.

गॅस गिझर असेल तर इथे थांबा

हा भाग घाईने वाचू नका. गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर ऑटोमेशनचा विचार बाजूला ठेवून आधी तो बाहेर, मोकळ्या हवेत काढून घ्या. बंद, लहान खोलीत गॅस जळत राहिला की तिथला ऑक्सिजन कमी होतो, ज्योत अपुरी जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. चक्कर येते, पाय लटपटतात आणि दाराच्या कडीपर्यंत पोहोचायचीही ताकद उरत नाही.

आता यात एक्झॉस्ट फॅन कुठे येतो? अनेकांना वाटतं की पंखा लावला म्हणजे धोका टळला. तसं नाही. दार-खिडकी घट्ट बंद असताना पंखा खोलीतली हवा ओढतो, आतला दाब कमी होतो आणि गिझरच्या धुराड्यातून बाहेर जाणारा धूर उलटा आत येऊ शकतो. शिवाय आर्द्रतेवर चालणारा पंखा वाफ वाढल्यावर, काही मिनिटांनी सुरू होतो. जीव वाचवायचं काम त्याच्यावर सोपवता येणार नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो आणि रिलेची, म्हणजे पंखा आपोआप चालू-बंद करणाऱ्या स्विचची, बारीकशी ठिणगीही त्याला पुरते. धुळ्यात हिवाळ्यात पारा एक आकडी होतो, तेव्हा सगळी घरं खिडक्या लावून बसतात आणि धोका सगळ्यात जास्त तेव्हाच असतो. घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्यांनाही, हे सांगून ठेवा.

इलेक्ट्रिक गिझर किंवा छतावरचा सोलर असेल तर ही भीती नाही, पुढे चला.

काय काय लागेल

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे टायमर स्विच. बटण दाबलं की पंखा वीस मिनिटं चालतो आणि बंद होतो. भाड्याचं घर असेल, इंटरनेट नसेल, किंवा मोबाइलच्या भानगडी नकोशा वाटत असतील तर एवढंच करा आणि समाधानी राहा. यात कमी काहीच नाही.

त्यापुढे जायचं असेल तर तीन वस्तू लागतात: पंख्यासाठी स्मार्ट रिले, दोन सेन्सर आणि नियम चालवणारा मेंदू.

रिले म्हणजे बोर्डाच्या आत, बटणाच्या मागे बसणारा काड्यापेटीएवढा मॉड्यूल. दहा अँपिअरचा पंख्याला भरपूर झाला. तोच मॉड्यूल गिझरला लावायचा मोह टाळा. दोन हजार वॅटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो आणि तीन हजार वॅटचा तेरा, तिथे हे लहान रिले तापतात. पंख्याला रेग्युलेटर किंवा डिमर लावू नका, नुसतं चालू-बंद पुरे. पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरच्या) प्रकारचा आणि रिमोटवाला असेल तर आधी मेन बटणाने बंद-चालू करून बघा. वीज आल्यावर तो आपणहून फिरायला लागत असेल तरच रिले कामाचा.

सेन्सर सेलवर चालणारेच घ्या. ओल्या खोलीत २३० व्होल्टची वायर जितकी कमी तितकं बरं. वायफायवर चालणारे काही सेन्सर सेल वाचवण्यासाठी बराच वेळ झोपून राहतात. अंघोळ आटोपून माणूस कपडे घालून बाहेर येतो तेव्हा त्यांचा आकडा बदलतो. झिगबी ही कमी विजेवर चालणारी बिनतारी पद्धत आहे. तिचे सेन्सर बदल झाला की लगेच कळवतात आणि त्यांचा सेल जास्त टिकतो, पण त्यांना वेगळा हब लागतो. दोन-तीन खोल्यांचं काम असेल तर मी झिगबीच सुचवेन. हाताने जोडणी करणाऱ्यांना एसएचटी३१ किंवा बीएमई२८० ही सेन्सरची चिप घेऊन ईएसपी३२ या छोट्या वायफाय बोर्डावर ईएसपीहोम हे सॉफ्टवेअर टाकता येईल. स्वस्तातली डीएचटी११ मात्र घेऊ नका, बारीक फरक तिला पकडता येत नाही आणि आपला सगळा खेळ फरकाचा आहे.

मेंदूचं म्हणाल तर रिलेसोबत मिळणाऱ्या मोबाइल ॲपमध्ये बहुधा ‘आकडा अमुकच्या वर गेला तर’ एवढाच नियम लावता येतो. दोन सेन्सरची वजाबाकी तिथे सहसा जमत नाही. त्यासाठी होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर चालतं आणि इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात काम करत राहतं.

जोडणी: वायरमनला काय सांगायचं

हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. तुम्ही फक्त काय हवंय ते नीट सांगा. मेन एमसीबी पाडून, टेस्टरने तपासूनच बोर्ड उघडायचा, हे त्यालाही ठाऊक असतं, तरी समोर उभं राहून बघा.

पहिला प्रश्न न्यूट्रलचा. रिलेला स्वतः जागं राहायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. नुसती बटणं असलेल्या जुन्या बोर्डात बऱ्याचदा न्यूट्रल आलेलंच नसतं, पण त्याच बोर्डात सॉकेट असेल तर ते नक्की असतं. तेव्हा वायरमनला एवढंच म्हणा, “भाऊ, या बोर्डात न्यूट्रल आहे का बघा, नसेल तर शेजारच्या सॉकेटवरून ओढून द्या.” फेजच्या जागी न्यूट्रल कापला जात असेल तर तेही त्याच वेळी सुधारून घ्या.

दुसरं, जुनं बटण काढायचं नाही. मॉड्यूलवर बटणासाठी दोन वेगळी टोकं असतात, जुन्या बटणाच्या वायरी तिथे जातात. बऱ्याच मॉड्यूलमध्ये या टोकांना फेज द्यायची नसते, दिली तर मॉड्यूल जळतो. म्हणून सोबतच्या कागदावरची आकृती वायरमनला दाखवा. बटण जागेवर राहिलं की घरातल्या मोठ्यांना काही नवीन शिकावं लागत नाही. आजीने बटण दाबलं की पंखा फिरला पाहिजे, मग वायफाय चालू असो की बंद.

तिसरं, बोर्ड बाथरूमच्या बाहेर हवा आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) हवी. नसेल तर सेन्सर नंतर घ्या, आधी ती बसवा.

चौथी अडचण सिग्नलची. भिंतीत पुरलेला लोखंडी बॉक्स, चहूकडून टाइल्स आणि राउटर पुढच्या खोलीत. मोबाइल त्या बोर्डाला चिकटवून २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल किती मिळतो ते आधीच बघा. ही उपकरणं सहसा त्याच पट्ट्यावर चालतात. रेंज तुटकी असेल तर प्लास्टिकचा बॉक्स बसवून घ्या.

सेन्सर कुठे लावायचा

बाथरूममधला सेन्सर डोक्याच्या उंचीवर, शॉवरच्या समोरच्या भिंतीवर, जिथे शिंतोडे उडत नाहीत तिथे. आपल्या बोअरच्या जड पाण्याचा एक थेंब वाळला तरी पांढरा थर सोडतो, तो सेन्सरच्या छिद्रांवर बसला की आकडे चुकतात. पंख्याच्या अगदी तोंडाशीही नको, तिथे बाहेरची हवा चाटून जाते. गिझरखाली नको. पश्चिमेची भिंत तर नकोच, उन्हाळ्यात ती रात्री उशिरापर्यंत तापलेली असते.

घरातला सेन्सर बाथरूमच्या दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवा, कारण पंखा ओढतो ती हवा तिथूनच येते. इथे आपल्याकडची एक खास अडचण आहे: कूलर. एप्रिल ते जून खान्देशातल्या घराघरात कूलर चालतो आणि त्याच्या झोतात ठेवलेला सेन्सर ७० टक्के दाखवतो. मग बाथरूम आणि घर यांच्यातला फरक पुसला जातो. सेन्सर झोताच्या आड, कपाटाच्या कडेला वगैरे लावा.

नियम कसे लिहायचे

होम असिस्टंटमध्ये ‘हेल्पर’ या भागात जाऊन एक नवा आकडा तयार करा: बाथरूमची आर्द्रता वजा पॅसेजची आर्द्रता. याला ‘फरक’ म्हणू. आता तीन नियम.

पहिला, फरक ८ च्या वर गेला आणि दोन मिनिटं तसाच राहिला की पंखा चालू. दुसरा, फरक ४ च्या खाली येऊन पाच मिनिटं झाली की पंखा बंद. चालू आणि बंदचे आकडे मुद्दाम वेगळे ठेवायचे, एकच ठेवला तर पंखा सारखा चालू-बंद होत राहील आणि रिले लवकर मरेल. तिसरा, काहीही झालं तरी चाळीस मिनिटांनी पंखा बंद, आणि पुन्हा सुरू व्हायला फरक एकदा ४ च्या खाली यायला हवा. हा तिसरा नियम कधीच गाळू नका. सेन्सर बिघडला, सेल संपला, ओले कपडे बाथरूममध्ये वाळत घातले, तरी पंखा रात्रभर चालणार नाही.

आता बघा. मे महिन्यात पॅसेज २५, बाथरूम ५०, फरक २५, पंखा चालू. ऑगस्टमध्ये पॅसेज ८५, बाथरूम ९७, फरक १२, पंखा चालू. बाथरूम ८८ वर आली की बंद, कारण पॅसेजची हवाच ८५ ची असेल तर पंखा बाथरूमला त्याहून कोरडं करू शकत नाही. उन्हाळ्यात कुणी टाकीच्या पाण्याने, वाफ न होता अंघोळ केली तर पंखा कदाचित सुरूच होणार नाही, आणि तेव्हा त्याची गरजही नसते. त्या हवेत फरशी बघता बघता वाळते.

हिवाळ्यासाठी थोडी सुधारणा लागते. टक्क्यांचा आकडा तापमानावर ठरतो. २२ अंशांची ६० टक्के हवा आणि ३५ अंशांची ३० टक्के हवा यांत दर घनमीटरला पाणी जवळपास सारखंच असतं, बारा ग्रॅमच्या आतबाहेर. म्हणजे टक्के निम्मे, पण पाणी तेवढंच. गरम पाण्याच्या वाफेने बाथरूम तापलेली आणि पॅसेज गारठलेला असेल तर टक्क्यांचा फरक खऱ्यापेक्षा कमी दिसतो. यावर उपाय म्हणजे टक्क्यांऐवजी ग्रॅममधला फरक. तापमान आणि आर्द्रता दिली की घनमीटरमागे किती ग्रॅम पाणी आहे ते काढून देणारी जोडणी होम असिस्टंटसाठी मिळते. तिच्यात चालूसाठी ३ ग्रॅम आणि बंदसाठी दीड ग्रॅम इथून सुरुवात करा. नवख्यांनी मात्र आधी टक्क्यांवर एक महिना काढावा, हात बसला की मग ग्रॅमकडे जावं.

एसी असलेल्या घरांसाठी आणखी एक अट. एक्झॉस्ट फॅन घरातली हवा बाहेर टाकतो, तेवढीच हवा फटींतून आत येते. बाहेर ४४ अंश असताना ती हवा आपणच गार करत बसणार. बाहेरचं तापमान ४० च्या वर असेल तर पंख्याची कमाल मर्यादा चाळीसवरून दहा मिनिटांवर आणा. कूलरच्या घरात हे लागू नाही. कूलरला हवा बाहेर जायला वाट लागतेच, तिथे एक्झॉस्ट मदतच करतो.

संडासचा पंखा

वासासाठी आर्द्रतेचा सेन्सर काही कामाचा नाही. तिथे माणूस आत आहे की नाही हे कळायला हवं. दुकानात पटकन मिळतो तो पीआयआर सेन्सर, जो शरीराची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक बघतो. आपल्याकडे मे महिन्यात भिंतच ३६-३७ अंशांवर असते, शरीराइतकीच. मग त्याला माणूस दिसेनासा होतो. शिवाय माणूस हलला नाही तरी तो ‘रिकामं आहे’ असं समजतो. साधा आणि भरवशाचा उपाय म्हणजे पंखा दिव्याशी बांधणं: दिवा लागून एक मिनिट झालं की पंखा चालू, दिवा विझल्यावर सात-आठ मिनिटांनी बंद. दिवसा उजेड भरपूर येत असेल आणि कुणी दिवाच लावत नसेल तर दाराला चुंबकाचा सेन्सर लावा. रडारवर चालणारे सेन्सर उष्णतेवर अवलंबून नसतात, पण पातळ भिंतीपलीकडचा माणूसही त्यांना दिसतो. त्यांची पल्ल्याची मर्यादा कमी करून घ्यावी लागते.

लाइट गेली तर

रिलेच्या सेटिंगमध्ये ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ असा पर्याय असतो. तिथे ‘बंद’ निवडा. काही मॉड्यूलमध्ये तो आधीपासून ‘चालू’ असतो, मग रात्री दोन वाजता लाइट आली की सगळ्या बाथरूमचे पंखे घोंघावायला लागतात. राउटर, हब आणि होम असिस्टंटचं यंत्र एकाच इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. होम असिस्टंट वारंवार झटक्यात बंद पडलं तर रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड खराब होतं, त्यापेक्षा एसएसडी वापरणं चांगलं.

चाळीस मिनिटांची मर्यादा जमल्यास रिलेच्या आतही टाका, बऱ्याच मॉड्यूलमध्ये ‘आपोआप बंद’चा टायमर असतो. मेंदू बंद पडला तरी हात स्वतः थांबतो.

पहिला आठवडा आणि पुढची देखभाल

जोडणी झाल्यावर लगेच नियम चालू करू नका. आठवडाभर दोन्ही सेन्सरचा आलेख नुसता बघा. सकाळच्या अंघोळीला फरक किती चढतो, किती वेळात उतरतो, भांडी-कपडे धुताना काय होतं, हे दिसेल. माझे ८ आणि ४ हे आकडे सुरुवातीचे आहेत, तुमच्या घराचे आलेखावरून ठरवा.

दोन सेन्सर एकाच जागी ठेवले तर त्यांनी सारखा आकडा दाखवायला हवा. लावण्याआधी रात्रभर शेजारी-शेजारी ठेवा, दोन-तीन टक्क्यांचा फरक असेल तर तो होम असिस्टंटमध्ये वजा करा. आणखी पक्की खात्री हवी असेल तर मिठाचा प्रयोग करा. वाटीत मीठ घेऊन ते ओलसर चिखलासारखं होईल इतकंच पाणी घाला, वाटी आणि सेन्सर हवाबंद डब्यात ठेवा. सेन्सरला मीठ लागू देऊ नका. काही तासांनी डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते.

पंख्याची सफाई वर्षातून दोनदा तरी हवी. एप्रिल-मेच्या वावटळींत काळ्या मातीची बारीक धूळ झडपेवर बसते, पावसाळ्यात ओली होऊन चिकटते आणि झडप अर्धवटच उघडते. म्हणून एक सफाई जूनच्या आधी, दुसरी दिवाळीच्या साफसफाईत. एमसीबी पाडून पाती आणि झडप कोरड्या ब्रशने झाडा, मग ओल्या फडक्याने पुसा. दिवाळीच्या सफाईतच दोन्ही सेन्सरचे सेल बदलून टाका, कारण पुढचे तीन महिने थंडीचे आणि गरम पाण्याचे असतात.